छत्री राहिली

बुधवार, रात्री सव्वादहा. चोडण, गोवा.

आज फेरीबोटीत छत्री विसरले. तीसुद्धा ध्यान करता करता.

फेब्रुवारीपासून झोप धड नाही, म्हणून आठ आठवड्यांचा ऑनलाइन माइंडफुलनेसचा, म्हणजे चालू क्षणाचं भान ठेवण्याचा, कोर्स घेतलाय. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी सुरू केलेल्या वर्गांच्या धर्तीवरचा. रोज पाऊण तास गृहपाठ! सकाळी डबे, सासूबाईंच्या गोळ्या, दारात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा. त्यात पाऊण तास आणायचा कुठून?

पहिल्या आठवड्यात एक मनुका हातात घेऊन, न्याहाळून, हुंगून, सावकाश खायची होती. घरात मनुका नव्हत्या. मी सोल, म्हणजे आमसूल घेतलं. काळं, सुरकुतलेलं, कडेला मिठाचे पांढरे कण. जिभेवर ठेवायच्या आधीच तोंडाला पाणी सुटलं. तेवढ्यात सासूबाई मागून, "अगो, हुमणाक जाय तीं सोलां. पूजा कसली करता तांची?" झालं ध्यान.

तेव्हापासून फेरीबोटीतली वेळ धरलीय. कठड्याला टेकून डोळे मिटायचे नि श्वास बघायचा. आज मस्त जमलं. इंजिनाची धडधड तळपायातून गुडघ्यापर्यंत चढते, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. डिझेलचा वास, मध्येच नदीच्या चिखलाचा गार वास. हार्वर्डच्या दोघा संशोधकांनी २०१० मध्ये छापलं होतं, २,२५० जणांना फोनवरून अवचित विचारलं तर ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच. मी मनात म्हटलं, चला, आपण त्यातून सुटलो. रायबंदरच्या धक्क्यावर फळी आपटली, स्कूटरी सुरू झाल्या, मी तरंगतच उतरले. बसथांब्याशी पाऊस आला तेव्हा हात आपसूक वर गेला. हातात काही नव्हतं. छत्री कठड्याला लटकून चोडणला परत चालली होती.

दिवसभर ओल्या ओढणीत एसीखाली बसून हाच विचार. ज्याला आपण माइंडफुलनेस म्हणतो तो पाली शब्द 'सती', म्हणजे आपली स्मृती. आठवण! आणि मी नेमकी विसरले. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या या सतीवरच्या उपदेशात तर भिक्खूने जाता-येता, हातपाय आखडता-पसरता, चीवर नि भिक्षापात्र सांभाळतानाही भान ठेवावं असं आहे. पात्र म्हणजे त्याची छत्रीच की. डोळे मिटून सगळं बाहेर ठेवायचं, असं कुणी सांगितलंच नव्हतं. ती माझी सोय. आपल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी (जन्म १८७६) बुद्धाच्या ओढीने घर सोडून पार सिलोनला पोचले, भिक्खू झाले, आणि पुढे हे सगळं मराठीत लिहून ठेवलं. घरापासून इतक्या जवळचं, तरी मी ते पैसे भरून इंग्रजीतून शिकतेय.

संध्याकाळी खलाशाने विचारलं, "बाये, ही तुजी मगे?" छत्री इंजिनाच्या खोलीत टांगलेली, अगदी कोरडी.

येताना डोळे उघडेच ठेवले. श्वास बघितला, अर्धामुर्धा. एक हात छत्रीच्या मुठीवर. अंगठ्याच्या जागी ती झिजून गुळगुळीत झालीय, आणि खाली एक बारीक चीर आहे, तिच्यात नख अडकतं.