चर्चच्या मधलं शहर

पणजीहून जुन्या गोव्याला जायला दोन रस्ते. एक कदंब पठारावरून जाणारा बायपास, तो गाडीवाल्यांनी खुशाल घ्यावा. दुसरा मांडवीच्या काठाकाठाने, रायबंदरमधून. सायकलवाल्याने हाच धरावा आणि तोही ऊन कलल्यावर. जाताना सूर्य पाठीशी असतो, समुद्रावरचा वाराही मागून ढकलतो आणि समोरून येणाऱ्या बसच्या काचा अशा पेटलेल्या असतात की ड्रायव्हरचं तोंड दिसत नाही. त्यालाही आपण कितपत दिसत असू, शंकाच आहे. म्हणून कडेने चालवलेली बरी.

पणजीतलं पाटो सोडलं की लगेच रायबंदरचा कॉजवे लागतो. लिन्यारिस नावाच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने १६३३-३४च्या सुमारास बांधून घेतलेला, तीन किलोमीटरहून थोडा लांब. डावीकडे मांडवी, उजवीकडे खाजण, मिठागरं आणि खारफुटी. ओहोटी असली तर चिखलाचा वास नाकात बसतो. मला तो आवडतो, बरोबरच्यांना आवडत नाही. पण रस्ता असा सपाट की गियरला हात लावावा लागत नाही. साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्याने सायकलवाल्यांची इतकी सोय केली असेल, हे त्याच्या गावीही नसेल.

आमच्याकडे पाहुणे येतात ते सांगलीहून, पुण्याहून. त्यांचं जुनं गोवं ठरलेलं असतं. बसमधून उतरायचं, रस्त्याच्या अलीकडचं चर्च बघायचं, पलीकडचं बघायचं, टोपी आणि काजू घ्यायचे, बसमध्ये बसायचं. "चर्च छान आहेत हो, पण राजधानी कुठे होती?" असं एका मावशींनी विचारलं होतं. प्रश्न अगदी रास्त होता. आणि त्याचं उत्तर बसमधून देता येत नाही, कारण राजधानी होती ती या चर्चच्या मधल्या जागेत. आज तिथे माड आहेत, फणस आहेत, रानात शिरलेली अर्धी भिंत आहे, गवतात दडलेली एखादी विहीर आहे. गाडीला ही जागा दोन मिनिटं लागते, पायी चालणारा कंटाळतो. पायडल मारताना मात्र ती नीट पायांना कळते. एका चर्चपासून दुसऱ्या चर्चपर्यंत जाताना दम लागायला लागला, की मग लक्षात येतं, एवढं सगळं घरांनी भरलेलं होतं.

आदिलशहाकडून अल्बुकर्कने हे शहर १५१० साली घेतलं. १५३० पासून ती पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या सगळ्या पसाऱ्याची राजधानी. ज्याने गोवा पाहिला त्याने लिस्बन नाही पाहिलं तरी चालेल, अशी म्हण पोर्तुगीजांत होती. रुआ दिरैता या मुख्य रस्त्यावर सराफांची आणि व्यापाऱ्यांची दुकानं, आणि सकाळी भर रस्त्यात लिलाव. घोडे, गालिचे, मसाले आणि माणसंसुद्धा विकायला उभी. हे शेवटचं पर्यटनाच्या फलकांवर सहसा नसतं. नंतर एकामागून एक साथी आल्या, पाणी दूषित झालं, माणसं मरायला लागली. व्हाइसरॉयने १६९५ मध्ये आधी जवळच्याच पणेलीत बिऱ्हाड हलवलं, १७५९ मध्ये पणजीला. कागदोपत्री राजधानी पणजी झाली ती १८४३ साली. मग इथल्या पडक्या वाड्यांचे चिरे पणजीच्या बांधकामांना वापरले गेले. म्हणजे मी सकाळी ज्या गल्ल्यांतून ऑफिसला जातो, त्यातल्या एखाद्या भिंतीत हे शहर गुपचूप बसलेलंही असेल.

संध्याकाळी बॉम जीझसचं तोंड पश्चिमेला आहे याचा खरा उपयोग होतो. १६०५ मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च. दुपारी तपकिरी आणि जरा रागीट दिसतं. उतरतं ऊन समोरून पडलं की त्याच्या जांभ्या चिऱ्यांना रंग चढतो आणि जवळ जाऊन बघितलं तर चिऱ्यातलं एकेक भोक दिसायला लागतं. तिरप्या उन्हात प्रत्येक भोकाच्या खालच्या ओठावर उजेड आणि आत सावली. नक्षीचं काम मात्र या भोकाभोकाच्या दगडात होण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यासाठी काळा दगड थेट वसईहून आणला. तो उन्हातही थंडच दिसतो.

कोकणातल्या कुठल्याही गवंड्याला विचारा, चिरा पावसात उघडा ठेवतात का? या चर्चला गिलावा होता. १९५०च्या दशकात बाल्ताझार काश्त्रू नावाच्या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने तो काढून टाकला, जुनं चर्च जुनं दिसावं म्हणून. तेव्हापासून दरवर्षीचा पाऊस थेट दगडावर. आता गिलावा परत करावा की नाही यावर वाद चालतात. मला विचाराल तर करावा. फोटो बिघडतील, बिघडू देत. मी वर एवढं वर्णन केलं तेही खोटं पडेल, पडू दे.

रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल याच वेळी सूर्याकडे पाठ करून उभं असतं. त्याचं तोंड पूर्वेला. १५६२ साली सुरू केलेलं काम १६१९ मध्ये संपलं आणि दोनपैकी एक मनोरा १७७६ मध्ये पडला. दर्शनी बाजू सावलीत गेली की तो नसलेला मनोरा जास्तच जाणवतो. तिकडे फारसं कोणी थांबत नाही, सगळी प्री-वेडिंगवाली मंडळी लाल दगडापाशी.

मग चढ. सेंट ऑगस्टीनच्या टेकडीवर जाताना मी शहाण्या माणसासारखा उतरतो आणि सायकल ढकलत नेतो. वर सेहेचाळीस मीटर उंचीचा अर्धवट मनोरा उभा आहे. १८३५ मध्ये साधूंना इथून घालवलं, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग. जमिनीवर कबरींचे दगड उघडेच, पावसाळ्यात त्यांच्या अक्षरांत शेवाळ भरतं. या मनोऱ्याची भली मोठी घंटा १८७१ पासून पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये आहे. ती आम्ही रोज ऐकतो. एका गावचा मनोरा आणि दुसऱ्या गावची घंटा, असा हा सगळा बदलीचा संसार. थोडं पुढे रोझरीचं चर्च आहे, गोल बुरूजवालं, किल्ल्यासारखं. त्याच्यामागून नदी दिसते आणि नदीपलीकडे दिवाडी बेट. सूर्य खाली गेल्यावर पाणी अजून बराच वेळ उजळ राहतं.

उतार मात्र सोडायचा नाही. ब्रेकवर बोटं ठेवून थेट नदीपर्यंत, व्हाइसरॉयच्या कमानीतून. नवा व्हाइसरॉय आला की गलबतातून उतरून याच कमानीतून शहरात शिरायचा. कमानीवर नदीच्या अंगाला वास्को द गामा उभा आहे. कमान त्याच्याच वंशजाने उभारली, तेव्हा पणजोबांची सोय लावणं आलंच. १९५४ मध्ये ती पुन्हा बांधून काढली.

धक्क्यावर बसलं की आपल्याकडचा माणूस वरच्या अंगाला, जुवे बेटाच्या दिशेने बघतो. २४ नोव्हेंबर १६८३च्या रात्री संभाजी महाराजांच्या सैन्याने तिथला किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय आल्व्होर स्वतः चालून गेला आणि जखमी होऊन कसाबसा परतला. मराठे आता शहरात येणार म्हणून इथे पळापळ. तेव्हा हा गृहस्थ बॉम जीझसमध्ये गेला, तिथल्या संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या हवाली केला. शहर आता तुम्हीच राखा! पुढे मोगल कोकणात उतरले, महाराजांना मागे फिरावं लागलं आणि पोर्तुगीजांच्या हिशेबात श्रेय संताला जमा झालं. खंडो बल्लाळांनी भरतीच्या पाण्यातून घोड्यावरच्या महाराजांना वाचवल्याची कथाही याच मोहिमेची. शाळेत असताना ती मला जरा फुगवलेली वाटायची. इथे भरती चढताना बघितली आहे. पायरीवर ठेवलेली चप्पल बघता बघता तरंगायला लागते. घोड्याचं काय घेऊन बसलात.

दिवाडीची फेरीबोट याच धक्क्यावरून सुटते. कामावरून परतणाऱ्या बायका, स्कूटर, मासळीच्या पिशव्या आणि बरेचदा एक पदेर, म्हणजे पाववाला. त्याची सायकल आमच्यासारखी एकवीस गियरची नाही. एकही गियर नाही, स्टँड मोडका, मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली पावाची टोपली आणि हँडलला रबरी भोंपू. आमची हेल्मेटं बघून तो नेहमी हसतो. "कितें बाब, आयजूय फोटो?" मी त्याच्याकडून दोन उंडे आणि दोन पोळी घेतो. उंडा म्हणजे गोल पाव आणि पोळी म्हणजे कोंड्याचा पाव, आपली चपाती नव्हे.

परवा बोट यायला वेळ होता म्हणून त्याला विचारलं, जुन्या गोव्याची सगळी घरं करायला किती वेळ लागतो. या शहरात एके काळी दोन लाखांची वस्ती होती असं सांगतात, हे मी त्याला बोललो नाही. त्याने टोपलीवरचं प्लास्टिक नीट खोचलं.

"पुराय? अर्द्या वरांत सोंपता," तो म्हणाला. "दिवाडीक चड गिरायक." म्हणजे इथलं सगळं अर्ध्या तासात संपतं, गिऱ्हाईक दिवाडीला जास्त.

आणि बोट लागताच तो सगळ्यांच्या आधी सायकल घेऊन चढला.