अस्वलाच्या ड्रेसपासून वारुळापर्यंत : आमची वाटचाल

दादरला माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, दुकान टाकलं तेव्हा पाटीवर ‘फॅन्सी ड्रेस भाड्याने मिळतील’ एवढंच होतं. पंधरा ऑगस्टला टिळकांच्या पगड्या, झाशीच्या राण्या. गॅदरिंगला कोळी-कोळिणी, अधूनमधून वांगी-टोमॅटो. अस्वल एकच. काळी फर, मुखवटा आणि नाकात सुतळीची वेसण, कारण अण्णांनी चाळीच्या अंगणात पाहिलेलं अस्वल दरवेशाचंच होतं. ड्रेस वर्षातून एकदा बाहेर जायचा आणि घामाने चिंब होऊन परत यायचा.

एकदा एका बालवाडीच्या बाई तो सकाळी घेऊन गेल्या आणि दुपारी परत घेऊन आल्या. मुखवटा पाहून अर्धा वर्ग रडला होता. म्हणाल्या, “ताई, हे राहू दे. नुसते पंजे शिवून द्याल?” मंगलदास मार्केटातून कापड आणलं, जाड फेल्टची नखं लावली आणि पोचवायला गेले ती तिथेच बसून राहिले. पंजे घातल्यावर आरशात कोणी डोकावलंसुद्धा नाही. सगळ्यांचा एकच घोषा, “बाई, अस्वल आता काय करतं?”

बाईंना सांगता येईना, मला तर नाहीच.

तरी उत्साहात मी मुलांना अस्वल-अस्वल खेळायला पहिला संच केला: कापडी गुहा, कापसाचा बर्फ, आत झोपायला गादी. त्याच बालवाडीतल्या मावशी चंद्रपूरकडच्या. त्या खो खो हसल्या. “आमच्याकडचं अस्वल कायचं झोपते वो थंडीभर! मोहफूल वेचायले पहाटे जा, समोर उभंच.” मग मी वाचायला घेतलं. मावशींचं खरं होतं. आपलं अस्वल शीतनिद्रा घेत नाही. त्याचं मुख्य खाणं वाळवी आणि मुंग्या. जोडीला मध, मोहाची फुलं, बोरं, जांभळं. लांब नखांनी वारूळ फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या आणि ओठांची नळी करून वाळवी ओढून घ्यायची. त्यासाठी वरचे मधले दोन दात त्याला नसतातच!

मोठ्या शिशूतल्या एका मुलीचे नेमके तेच दात पडले होते. आठवडाभर तोंड झाकून बसणारी ती पोर हे ऐकल्यावर वर्गातली सगळ्यात खरी अस्वल झाली. इतर मुलं तिच्याकडून फुंकर शिकायला रांग लावायची.

गुहा काढून टाकली आणि वारूळ आणलं. मखरं करणाऱ्या एका कारागिराकडून, गणपती उरकल्यावर, कागदाच्या लगद्याचं करून घेतलं. आत वाळवी म्हणून कुरमुरे, ओढायला नळ्या. ही माझी चूक. बाईंनी पहिल्याच दिवशी थांबवलं: नळीतून ओढलेला कुरमुरा घशात गेला तर? आता कागदाचे तुकडे असतात, नळीच्या तोंडापेक्षा मोठे. ओढले की टोकाला चिकटतात. आणि एक झोळी. अस्वलीण पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते, म्हणून झोळीत दोन बाहुल्या बांधायच्या. ‘आई’ होण्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी पंज्यांवरूनही होत नाहीत.

वेसणीसकट ‘नाचणारं अस्वल’ मागणारे पालक अजून येतात. आम्ही देत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतरही हे खेळ कितीतरी वर्षं चालू होते; 2009 मध्ये भारतातलं शेवटचं नाचवलं जाणारं अस्वल सोडवलं गेलं. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “त्या दरवेशाकडून आईने माझ्यासाठी अस्वलाच्या केसाचा ताईत घेतला होता. भीती जावी म्हणून.” त्यांनीच कात्री आणली आणि ड्रेसच्या नाकातली सुतळी कापली.

2020 मध्ये बालवाड्या बंद झाल्या, भाड्याचा धंदा बसला. आम्ही मास्क शिवले, दुसरं काय करणार? बालवाड्या उघडल्यावर मात्र ड्रेसपेक्षा संचच जास्त मागितले गेले. पुढे वाघाचा केला, घुबडाचा केला. घुबड फार चाललं नाही. झाडावर गप्प बसायला पाच वर्षांचं कोण तयार होतंय?

गेल्या पावसाळ्यात गाळ्याच्या लाकडी मांडणीला वाळवी लागली आणि कागदाची तीन वारुळं तिने आतून पोखरली. बाईंना फोन करून ऑर्डर उशिरा येईल म्हणून कारण सांगितलं, तर त्यांना हसू आवरेना. मुलांना ती पोखरलेली वारुळंच हवी आहेत म्हणे. आता मांडणी लोखंडी केली आहे. पेस्ट कंट्रोलवाल्याचं बिल तेवढं बाकी आहे.