शिबिर फुकट, मग खर्च कोण भागवतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इगतपुरीला धम्मगिरी केंद्रावर विपश्यनेच्या ध्यानशिबिराला जाऊन आलो म्हटलं की लोक ध्यानाबद्दल कमी आणि पैशांबद्दल जास्त विचारतात. दहा दिवस राहणं, जेवण, शिकवणं, आणि फी काहीच नाही? मागे कुणी मोठा शेठ आहे का?

नाही. शेठ चेकबुक घेऊन आला तरी आधी त्याला दहा दिवस बसावं लागेल. ज्यानं एकही दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेलं नाही, त्याचं दान तिथे घेतच नाहीत. सत्यनारायण गोयंका, आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो, १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि शिबिरं घेऊ लागले. पुढे इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं, तेही याच नियमावर. तुम्ही जेवता ते आधीच्या साधकांच्या पैशांतून, आणि तुम्ही देता ते पुढच्या साधकांसाठी.

शिबिरात मौन पाळायचं असतं; शेवटी ते सुटलं की दानाचं टेबल लागतं. सेवेला, म्हणजे बिनपगारी मदतीला, गेलो होतो तेव्हा मी त्या टेबलाशेजारीच उभा होतो. "साधारण किती देतात लोक?" हा प्रश्न हमखास येतो. पावतीपुस्तकावरचे काका आकडा सांगत नाहीत. "तुमची इच्छा. द्यायलाच हवं असंही नाही." एका आजोबांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेली शंभराची नोट काढली, मागच्या तरुणानं हजारांत रक्कम दिली. दोघांना पावती सारखीच, रक्कम कुणी मोठ्यानं वाचत नाही. काही जण नुसता नमस्कार करून पुढे जातात. त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

माझ्या मते सगळं गणित या क्रमात आहे: आधी मिळतं, मग द्यायचं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात कित्येक वर्षं ऐच्छिक तिकीट होतं, पण पैसे द्यायचे ते दारात, आत काही पाहण्याआधी. सुचवलेली पूर्ण रक्कम देणारे कमी कमी होत गेले आणि मार्च २०१८ पासून राज्याबाहेरच्या प्रौढांना २५ डॉलर सक्तीचे झाले. दारात माणूस किंमत करतो. दहा दिवस बसून उठल्यावर त्याला पुढच्याची आठवण येते.

शिवाय खर्चच कमी ठेवलेला असतो. शिकवणारे आचार्य मानधन घेत नाहीत, भाजी चिरण्यापासून वाढण्यापर्यंत सेवक राबतात, ताट ज्याचं त्यानं धुवायचं. दुपारचं जेवण अकराला. संध्याकाळी नवीन साधकांना चहा आणि थोडं काही, जुन्यांना लिंबूपाणी.

म्हणून रस्त्यावरचे दिवेही असेच दानातून लावा, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या उजेडात चालणाऱ्याला आपल्याला काही मिळालंय हे जाणवतच नाही. तिथे घरपट्टीच हवी.

आणि तुम्ही जाणार असाल तर हॉटेलच्या दराशी तुलना करून रक्कम ठरवू नका. पुढच्या एखाद्या साधकाचा दोन-चार दिवसांचा खर्च झेपतोय का, एवढं बघा. नसेल झेपत तर काही न देता निघा, आणि सवड होईल तेव्हा सेवेला या. स्वयंपाकघरात हात नेहमी कमी पडतात.