टेप तिथेच संपली

दुपारी भाचा सोफ्यावर आडवा पडून विचारत होता, "मामा, स्टार वॉर्स कुठून सुरू करू?" टीव्हीवर त्या सिनेमालिकेचे सगळे भाग ओळीनं मांडलेले. "आधी आलेला आधी बघ," मी उगाचच अधिकारवाणीनं म्हणालो. त्यानं यादी खालपर्यंत सरकवली आणि सुस्कारा टाकला. "एवढं सगळं?"

तो सुस्कारा मला लागला. आमची रड नेमकी उलटी होती.

आमच्याकडे फक्त दुसरा भाग होता, तोही अपुरा. दादानं टीव्हीवरून कॅसेटवर उतरवलेला. त्या कॅसेटच्या सुरुवातीला नात्यातलं कुणाचं तरी लग्न होतं आणि ते पुसायची हिंमत आमच्यात नव्हती. त्यामुळे लग्न संपल्यावर जेवढी टेप उरली तेवढाच सिनेमा. नायक ल्यूकचा हात तुटतो, मुखवटेवाला खलनायक डार्थ व्हेडर त्याला सांगतो की मीच तुझा बाप, ल्यूक ओरडायला तोंड उघडतो आणि खट्! मग व्हीसीआर आपणहून घरघरत मागे फिरायचा, थेट लग्नापर्यंत.

हे आम्ही किती वेळा पाहिलं असेल! दर वेळी भांडण ठरलेलं. दादा म्हणायचा, बापच आहे. मी म्हणायचो, थापा मारतोय. खलनायक आहे, खरं कशाला बोलेल? पुढे मोठेपणी कळलं, की व्हेडरला आवाज देणाऱ्या जेम्स अर्ल जोन्स यांनाही ते वाक्य वाचून हेच वाटलं होतं, हा खोटं बोलतोय. दादाला लगेच फोन केला. तो "बरं" म्हणाला. इतक्या वर्षांनी जिंकलेल्या भांडणाला एवढंच बक्षीस!

त्या एका वाक्यासाठी या सिनेमांचा कर्ता जॉर्ज लुकसनं केलेला आटापिटा तर औरच. सेटवर मुखवट्याआडच्या नटाला भलतंच वाक्य म्हणायला दिलेलं: ओबी-वॉननं (म्हणजे ल्यूकच्या गुरूनं) तुझ्या बापाला मारलं. खरं काय ते ल्यूक झालेल्या मार्क हॅमिलला शॉटच्या जरासं आधी सांगितलं. हे १९८० सालचं. पुढचा भाग थेट १९८३ला. म्हणजे अख्ख्या जगाचीच टेप तिथे संपली होती, तीन वर्षं.

१९७७ला पहिला भाग आला तेव्हा तर खेळणीच तयार नव्हती. सिनेमा एवढा चालेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग खेळण्यांच्या कंपनीनं नाताळात काय विकावं? पुठ्ठ्याचं एक पाकीट. आत चित्रं आणि एक सर्टिफिकेट: हे पाठवा, बाहुल्या तयार झाल्या की घरपोच देऊ. पोरांनी झाडाखाली पुठ्ठा उघडला आणि चार बाहुल्यांची वाट बघत बसली. मला त्या पोरांचा हेवा वाटतो. बाहुली हातात आली की तिचा हात निखळतो, पुठ्ठ्यातल्या बाहुलीचा काही निखळत नाही. (शेवटचा भाग लगेच न बघता राखून ठेवायची माझी खोड त्या कॅसेटपासूनची. घरचे वैतागतात.)

१९८३ नंतर १६ वर्षं नवा भाग नाही. १९९८च्या अखेरीस नुसता ट्रेलर बघायला लोकांनी दुसऱ्याच सिनेमाची तिकिटं काढली आणि ट्रेलर संपल्यावर उठून चालते झाले. आणि १९९९ला तो भाग आला, तेव्हा त्यांतल्याच कितीतरी जणांनी लुकसला लाखोली वाहिली.

पण लाखोली वाहायला माणूस तरी होता! सिनेमाच्या सुरुवातीला श्रेयनामावली दिली नाही म्हणून दिग्दर्शकांच्या संघटनेनं दंड केला, तर यानं दंड भरला आणि संघटनाच सोडली. १९९७ला स्वतःचेच जुने सिनेमे उकरून बदलले. मुळात ल्यूकचा साथीदार हान सोलो आधी गोळी झाडतो, नव्या प्रतीत त्याच्या समोर बसलेला ग्रीडो झाडतो. एवढ्याशा गोळीवरून लोक अजून हमरीतुमरीवर येतात. हट्टी, चक्रम, पण घरातल्या म्हाताऱ्यासारखा आपला. २०१२ला त्यानं सगळं डिस्नेला विकलं, चार अब्ज डॉलरच्या वर. मग २०१५ ते २०१९ दरवर्षी एक सिनेमा. त्यातले एकदोन मला आवडलेही. पण आवडलं नाही तर रुसायचं कुणावर? कंपनीवर रुसता येत नाही. तिथे फक्त सभासदत्व रद्द करता येतं.

मी हे सगळं भाच्याला सांगणार होतो. पण तो माझं न ऐकता सरळ दुसऱ्या भागावर गेला होता आणि डोळे मिटायच्या बेतात होता. व्हेडर पुलाच्या टोकाशी आला तसा मी त्याला हलवलं. "ऊठ, आता बघ काय सांगतो ते."

"बाप आहे ना तो? माहितेय मामा. सगळ्यांना माहीत असतं." आणि कूस बदलून झोपला.

मी आवाज कमी केला. मला तर अजूनही वाटतं, थापा मारतोय.