मालवणचं स्नॉर्कलिंग: मास्क आणि नळी घरूनच न्या

स्नॉर्कलिंगचं, म्हणजे मास्क लावून आणि तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघण्याचं, बुकिंग करताना सांगण्यात आलं होतं, "सामान सगळं आमचं, तुम्ही फक्त टॉवेल आणा." सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाजवळ होडी थांबल्यावर हातात आला तो मास्क असा: कड पिवळी पडून कडक झालेली, पट्टा मुरडलेला, आणि नळीच्या तोंडात धरायच्या भागावरची एक गुंडी कुणीतरी चावून तोडलेली. पाण्यात वीस मिनिटं मिळाली. त्यातली पंधरा मास्कमधलं पाणी काढण्यात गेली. खाली पोपट मासे होते, पोवळं होतं, आणि काच धुक्याने पांढरी. म्हणून हा वृत्तांत मुख्यतः सामानाबद्दल आहे.

मास्क ऑनलाइन मागवू नका, दुकानात जाऊन चेहऱ्याला लावून घ्या. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकासा श्वास आत ओढा आणि हात सोडा. पाच सेकंद चिकटून राहिला तर माप बरोबर. हे करताना नळी तोंडात धरलेली हवी, कारण ती धरली की गाल आणि वरचा ओठ हलतो आणि नुसता बसलेला मास्क तिथेच गळायला लागतो. दुकानदार ही गोष्ट सांगत नाहीत. कड सिलिकॉनचीच हवी, पीव्हीसीची एक-दोन मोसमांत ताठरते. काच टेम्पर्ड हवी आणि तसं तिच्यावर छापलेलं असतं. मिशी असेल तर नाकाखालची बोटभर पट्टी काढावीच लागते, नाहीतर पाणी तिथूनच येतं. चष्मा मास्कच्या आत चालत नाही. नंबरच्या तयार काचा अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने मिळतात. तुमचा नंबर मधला असेल तर कमीचा घ्या, पाण्याखाली वस्तू तशाही मोठ्या आणि जवळ दिसतात.

पाणी आत येतंय म्हणून पट्टा आवळणं ही सगळ्यात मोठी चूक. आवळला की कड दुमडते आणि गळती वाढते. आधी कडेखाली आलेले केस काढा, पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर न्या आणि थोडा सैल करा. चेहऱ्याला सनस्क्रीन थापलेलं असेल तर कड सरकते आणि डोळे झोंबतात. कपाळ आणि गालांचा वरचा भाग कोरडा ठेवा, मान आणि पाय माखा.

नवा मास्क सरळ पाण्यात नेलात तर धुकं धरणारच. कारखान्यातून येतानाच काचेवर सिलिकॉनचा पातळ थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नव्हे) आतल्या बाजूने बोटाने दोन मिनिटं घासा, धुवा, असं तीनदा करा. काच प्लास्टिकची असेल तर हे करू नका, चरे पडतात. होडीतून पाण्यात उतरण्याआधी लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब आत पसरवून समुद्राच्या पाण्यात एकदाच खळबळा.

नळी साधारण 35 ते 40 सेंटिमीटरची पुरे. लांब नळी जास्त चांगली हा गैरसमज आहे. सोडलेली हवा नळीतच राहते आणि तीच परत आत जाते. वर लाटेचे शिंतोडे अडवणारं टोपण आणि खाली पाणी बाहेर टाकणारा पडदा, एवढं असलेली नळी नवख्याला उत्तम. त्या पडद्याखाली वाळूचा एक कण अडकला तरी घोटाघोटाने पाणी तोंडात येतं आणि माणूस घाबरतो. तोंडात धरण्याआधी पडदा बोटाने उचलून धुवा. संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क नवख्याने घेऊ नये. त्यात पाणी शिरलं तर तोंडातली नळी थुंकून मोकळं होता येत नाही, अख्खा मास्कच उपटावा लागतो.

लाईफ जॅकेट तिथलंच घ्या, पण होडीत बसण्याआधी तपासा. दोन्ही हात वर करा आणि कुणालातरी जॅकेट खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत आलं तर सैल आहे. खालचा पट्टा आधी आवळा, मग वरचा. "पोहता येत नसलं तरी चालतं" हे तरंगणाऱ्या हवेच्या ट्यूबला धरून असेपर्यंतच खरं. पोहता येत नसेल त्याने ट्यूब सोडू नये, कुणी कितीही आग्रह केला तरी.

फिन (पायात घालायची वल्ह्यासारखी रबरी पाती) पहिल्या वेळी नकोत. उथळ पाण्यात नवखे पाय खाली सोडतात आणि पोवळं मोडतं. हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि पोवळ्याला कायद्याचं संरक्षण आहे. पायात रबरी तळाचे पाण्यातले बूट मात्र हवेत, खडकावरच्या कालवांची धार पाय कापते.

पैशांचं जेट्टीवरच बोलून घ्या: पाण्यात प्रत्यक्ष किती मिनिटं, एका गाईडमागे किती माणसं, व्हिडिओ धरून की वेगळा. आमच्याकडून व्हिडिओचे वेगळे घेतले गेले, ते परत येताना कळलं.

तारीख हाती असेल तर उधाण टाळा. अमावस्या-पौर्णिमेला पाणी ढवळून गढूळ होतं, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) निवळतं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा हिशेब तासाभराच्या फरकाने चालतो. दशमी-एकादशीला भरती सकाळी साडेसात-सव्वाआठच्या सुमारास येते, वाराही पडलेला असतो. सकाळची पहिली होडी पकडा. डिसेंबर-जानेवारी उत्तम, पावसाळ्यात सगळं बंद.

देवबाग-तारकर्लीचे पुढचे दोन दिवस छान गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मास्क गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवलात तर कड वाकडी होते, आणि मग तो भाड्याच्या मास्कसारखाच गळतो.