गोटी खाली नाही, म्हणून आधी सोनोग्राफी?

मुलग्याच्या अंडकोशाच्या पिशवीत एकच गोटी, म्हणजे वृषण, हाताला लागते असं कळलं की पहिली धाव सोनोग्राफीकडे असते. ती फारशी कामाची नाही. गोटी जांघेत असली तर बोटाला लागतेच, आणि पोटात असली तर सोनोग्राफीत बरेचदा सापडत नाही. रिपोर्टात 'दिसली नाही' लिहिलं म्हणजे ती नाहीच, असं नाही.

निदान हातानंच होतं. नागपुरी डिसेंबरात गार हात लावला, किंवा मेच्या उन्हातून आणून थेट एसीखाली निजवलं, तर उतरलेली गोटीही स्नायू आखडून वर पळते. खोली उबदार हवी. पाय मांडी घातल्यासारखे ठेवायचे, बोटांना साबणाचं पाणी लावायचं आणि कमरेच्या हाडापासून जांघेतून खाली सरकत यायचं. गोटी पिशवीत आली आणि सोडल्यावर तिथेच थांबली, तर ऑपरेशन नको. फक्त दरवर्षी दाखवा, कारण यातल्या काही पुढे वरच अडकतात. लगेच वर गेली तर ती खरोखर न उतरलेली.

दोन्ही लागत नसतील तर मात्र एक दिवसही थांबू नये. बाहेरून मुलगा वाटणारी अशी काही बाळं अॅड्रिनल (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीचा दोष असलेल्या मुली निघतात. त्यांच्या शरीरातलं मीठ घटून पहिल्या काही आठवड्यांतच जिवावर बेतू शकतं. सोडियम, पोटॅशियम, हार्मोन आणि गुणसूत्रांची तपासणी आधी.

एकच वर असेल तर बाळ 6 महिन्यांचं होईपर्यंत वाट पाहा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे महिने मूळ तारखेपासून मोजा. त्यानंतर ती आपोआप उतरणं दुर्मिळ, म्हणून 18 महिन्यांच्या आत ऑपरेशन. हार्मोनच्या इंजेक्शनांत वेळ दवडू नये.

जांघेत लहान छेद घेऊन गोटी मोकळी करतात. सोबत बहुधा हर्नियाची पिशवी असते. ती शुक्रवाहिनी आणि रक्तवाहिन्यांपासून सोडवून वर बांधायची. खरं कसब इथे आहे: गोटी खाली पोचायला लागणारी लांबी इथूनच मिळते, आणि ओढाताण झाली तर गोटी सुकते किंवा पुन्हा वर जाते. मग पिशवीच्या कातडीखाली कप्पा करून तिथे बसवतात. हाताला न लागणारी गोटी दुर्बिणीनं शोधतात. फार उंच असेल तर दोन टप्पे, मध्ये साधारण 6 महिने.

'उन्हाळ्यात टाके पिकतात' म्हणून जूनपर्यंत ढकलू नका. मेमध्ये जपायचं ते ऑपरेशनआधी उपाशी ठेवताना: वरचं दूध 6 तास आधी बंद, आईचं 4 तास, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं.