‘मग त्याचा फायदा काय?’ : तुम्ही विचारलंत म्हणून

उत्क्रांती शिकवतो म्हटल्यावर लग्नकार्यातल्या पाहुण्यांपासून सहकाऱ्यांपर्यंत सगळे एकच विचारतात: एखादा गुण टिकला म्हणजे त्याचा काहीतरी फायदा असणारच ना? ‘कदाचित काहीच नाही, नुसत्या योगायोगाने टिकला असेल,’ असे मी म्हणालो की सरांना उत्तर येत नाही, हे समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटते.

पूर्वी मीही फायदाच सांगत असे. एका वर्षी पहिल्या बाकावर काळा चष्मा लावून बसणाऱ्या विद्यार्थिनीने मला अडवले. तिला जन्मापासून एकही रंग दिसत नव्हता आणि उजेड सोसत नव्हता. ‘सर, असले जनुक टिकते कसे?’ मी फळ्यावर प्रशांत महासागरातले पिंगेलॅप बेट काढले, तिथे असे लोक पुष्कळ आहेत हे सांगितले आणि रात्रीच्या मासेमारीत त्या डोळ्यांचा उपयोग होत असणार, म्हणूनच ते टिकले, असे ठोकून दिले. ती शांतपणे म्हणाली, ‘मी मासे पकडत नाही, सर. आणि तुम्ही काढलेले बेट मला इथून दिसत नाही.’ वर्गात कोणी हसले नाही. मी डस्टर उचलून बेट पुसले आणि पुढचा मुद्दा घेतला.

सांगायला हवे होते ते असे: १७७५च्या सुमारास वादळाने आणि नंतरच्या उपासमारीने त्या बेटावर जेमतेम वीस माणसे उरली. त्यांतल्या एकाच्या अंगात ते जनुक दडलेले होते. सोयरिकी आपापसांतच होत गेल्या आणि आज तिथे शंभरात पाच ते दहा जणांना रंग दिसत नाहीत. वादळाने कोणाचे डोळे तपासले नव्हते.

योगायोग म्हणणे ही पळवाट नव्हे. पीटर ब्युरी या संशोधकाने १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फळमाश्यांच्या १०७ वसाहती होत्या. प्रत्येकीत डोळ्यांच्या रंगाच्या एका जनुकाची दोन रूपे निम्मी-निम्मी होती आणि दर पिढीला कोणतेही आठ नर व आठ माद्या पुढे घेतल्या जात. एकोणीस पिढ्यांनंतर ३० वसाहतींतून एक रूप नाहीसे झाले होते, २८ वसाहतींतून दुसरे. फायदा कारण असता, तर सगळ्या एकाच बाजूला झुकल्या असत्या. विदर्भातला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार शिकवताना, त्याच्या जनुकामुळे मिळणारे मलेरियापासूनचे संरक्षण मी आजही सांगतोच. तिथे पुरावा आहे.

पण ‘योगायोग’ हा शब्द तिला अधिक सोसला असता का? पूर्वीचा मी म्हणतो, निदान मी तिला कारण दिले. ते खोटे होते, असे मी त्याला सुनावतो. मग तो विचारतो, ‘आणि तू काय दिले असतेस?’